स्नूसला तपकीर म्हणू नका

‘स्नूस’ या स्वीडिश शब्दासाठी मराठीत चटकन ‘तपकीर’ सुचते. दोन्ही तंबाखूचेच प्रकार, दोन्हींत धूर नाही, दोन्ही डबीतून चिमटीने घ्यायचे. पण तपकीर म्हणजे कोरडी, वस्त्रगाळ पूड. ती नाकात ओढायची, मग शिंका येतात. स्नूस ओलसर आणि काळपट असतो. त्याची छोटी गोळी वळून वरच्या ओठाखाली ठेवतात. त्या गोळीला स्वीडिश लोक ‘प्रिल्ला’ म्हणतात. हल्ली पुष्कळ जण तयार चिमुकल्या पुड्या वापरतात.

गंमत अशी, की शब्दाच्या मुळाशी गेलं तर ‘तपकीर’ चूक नाही. ‘स्नूसा’ या क्रियापदाचा एक अर्थ हुंगणे. झोपलेलं बाळ संथ श्वास घेतं, त्यालाही स्वीडिशमध्ये ‘स्नूसा’च म्हणतात. म्हणजे शब्द मुळात नाकाचाच! अठराव्या शतकात युरोपभरच्या उमरावांच्या खिशात तपकिरीच्या डब्या असत, स्वीडनमध्येही. तेव्हाचा स्नूस ही तपकीरच होती. पुढे ती ऐट ओसरली, साध्या माणसांनी ओली पूड ओठाखाली धरली आणि नाव मात्र जुनंच राहिलं. १८२२ साली याकोब फ्रेड्रिक युंगलोव्ह यांनी ‘एत्तान’, म्हणजे ‘एक नंबर’, हा स्नूस आणला. तो आजही विकला जातो. आता उलट कोरड्या तपकिरीलाच वेगळं नाव लागतं: ‘लुक्तस्नूस’, हुंगायचा स्नूस.

करण्याची रीतही निराळी. स्नूसमध्ये दळलेल्या तंबाखूत पाणी, मीठ आणि सोडा घालून ती तापवतात. सोड्यामुळे निकोटीन हिरडीतून लवकर रक्तात उतरतं. ओलाव्यामुळे डबी फ्रीजमध्ये ठेवावी लागते.

हिरडीशी नातं बघायचं तर आपल्याकडची मिश्री स्नूसच्या अधिक जवळची वाटते. पण मिश्री भाजलेली, कोरडी, आणि ती दातांना घासतात. सवय लागण्यात मात्र तिघींत फरक नाही, आणि तिन्ही घातकच. युरोपीय समुदायाने १९९२ साली अशा तोंडात धरायच्या तंबाखूच्या विक्रीवर बंदी घातली. १९९५ मध्ये सदस्य होताना स्वीडनने स्नूसपुरती सूट मिळवली.

म्हणून भाषांतर करताना ‘स्नूस’ हाच शब्द ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘ओठाखाली ठेवायची ओली तंबाखू’ एवढं सांगावं. मजकूर अठराव्या शतकातला असेल, तर बिनदिक्कत ‘तपकीर’ लिहावं.