बोंडातली अळी, यकृतातली गाठ

कावीळ झाली की आपल्याकडे अजूनही आधी माळ घालतात. साधी कावीळ बहुतेकदा आपोआपच उतरते आणि श्रेय माळेला मिळतं. पण पोटात दुखत नाही, ताप नाही, तरी डोळे पिवळेजर्द, अंगाला खाज आणि वजन उतरतंय, अशी कावीळ असेल तर माळेत दिवस घालवू नयेत. स्वादुपिंडाच्या शीर्षभागात कॅन्सरची गाठ वाढली की ती पित्तनलिका दाबते, पित्त अडतं आणि अशी कावीळ होते.

अशा गाठीवर व्हिपल ऑपरेशन असतं. पाच-सहा तासांचं, सर्जनचीही कसोटी पाहणारं. स्वादुपिंडाचा तो भाग, लहान आतड्याची सुरुवात आणि पित्ताशय काढून उरलेलं पुन्हा जोडायचं. कॅन्सर यकृतात पोचला असेल तर एवढं करून उपयोग नसतो. सीटी स्कॅनमध्ये काही मिलिमीटरचे ठिपके सुटू शकतात. मग पोट उघडायचं, पाहायचं आणि तसंच शिवायचं, अशी वेळ येते.

म्हणून काही रुग्णांत आधी दुर्बीण घालतात. बेंबीपाशी छोटं छिद्र, पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करायची आणि कॅमेऱ्यातून यकृत, आतड्यांवरचा पडदा न्याहाळायचा. पण कॅमेऱ्याला दिसतो तो पृष्ठभागच. कपाशीवाल्याला हे वेगळं सांगायला नको: बोंड वरून हिरवंगार असतं, गुलाबी अळी आत असते.

आतलं पाहायला सोनोग्राफी. पोटावरून करतो तीच, पण इथे साधारण 10 मिलिमीटर जाडीचा प्रोब छिद्रातून आत सरकवून थेट यकृतावर टेकवतात. बाहेरून पाहताना चरबी आणि आतड्यांतली हवा आड येते. ध्वनिलहरी हवेतून पलीकडे जात नाहीत. इथे तो अडथळाच नसतो. शिवाय अंतर कमी असल्याने 5 ते 10 मेगाहर्ट्‌झच्या लहरी चालतात. या लहरी खोलवर जात नाहीत, पण बारकावे दाखवतात. यकृताच्या पोटातली बारीक गाठ सापडते, आणि स्वादुपिंडातल्या मूळ गाठीने शेजारच्या मोठ्या रक्तवाहिनीला विळखा घातलाय का तेही कळतं. संशय आला तर तिथूनच तुकडा काढून तपासायचा.

दुर्बिणीने तपासून तुकड्याची खात्री केली तर शंभरातल्या सुमारे 21 जणांचं निष्फळ पोट उघडणं टळतं, असा कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या 2016 च्या आढाव्याचा हिशेब आहे. सीटी स्कॅन जसे सुधारतील तसा हा फायदा कमी होईल. म्हणूनच मला वाटतं, सरसकट सगळ्यांना हे करू नये. गाठ मोठी असेल किंवा रक्तातलं सीए 19-9 (या कॅन्सरमध्ये बहुधा वाढणारा घटक) फार वाढलं असेल, तिथे करावं.

ऑपरेशन टळलं तरी कावीळ उतरवता येते. तोंडावाटे एंडोस्कोप घालून पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी, बसवतात, आणि मोठी जखम भरायची वाट न पाहता केमो सुरू करता येते.