शोकेसमधला पोटवाला बुद्ध आणि पाळकसाहेबांचा चहा : फेंगशुई ख्रिस्ती घरात चालतं का, याची मागची गोष्ट

मागच्या महिन्यात मामीच्या नव्या फ्लॅटची प्रार्थना होती, नागाळा पार्कात. आपल्यात वास्तुशांत नसते, पाळकसाहेब येतात, स्तोत्र १२७ वाचतात (परमेश्वरानं घर बांधलं नाही तर बांधणाऱ्यांचे कष्ट वाया), दोन गीतं होतात आणि मग पोहे-चहा. तर चहा चालू असताना पाळकसाहेबांची नजर शोकेसवर गेली आणि तिथं एक हसरा, पोट सुटलेला लाफिंग बुद्धा बसलेला, शेजारी तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक, आणि दाराला विंड चाइम, सगळ्या नशीब आणतात म्हणून विकल्या जाणाऱ्या चिनी फेंगशुईच्या वस्तू. साहेब काही बोलले नाहीत, बशीत चहा ओतून प्यायले आणि गेले. ते गेल्यावर मात्र घरात जी चर्चा पेटली ती रात्री जेवणापर्यंत. मामीचं म्हणणं, अरे शेजारणीनं गिफ्ट दिलंय, आम्ही काय त्याला हळदकुंकू लावतोय का. मामा म्हणाले शोभेची वस्तू आहे. धाकटी मावशी म्हणाली मूर्ती ती मूर्ती, आजच्या आज बाहेर काढा.

मला तेव्हा नीट काही बोलता आलं नाही, नंतर वाचत बसलो आणि लक्षात आलं की हा वाद मामीच्या शोकेसपेक्षा लई जुना आहे, चर्चनं तो चीनमध्ये चारशे वर्षं घातलाय आणि त्यात माणसांचे जीवसुद्धा गेलेत.

आधी हे की फेंगशुई मुळात सोफा कुठं ठेवायचा याचं शास्त्र नव्हतंच. फेंग म्हणजे वारा, शुई म्हणजे पाणी. ग्वो पू नावाच्या माणसाच्या (इ.स. २७६ ते ३२४) नावावर एक जुना ग्रंथ सांगतात आणि तो आहे पुरण्याबद्दल, म्हणजे कबर कुठं खणायची त्याबद्दल. त्यातली कल्पना अशी की जमिनीतून 'ची' नावाची प्राणशक्ती वाहते, ती वाऱ्यानं उधळते आणि पाण्याशी थांबते, त्यामुळं डोंगर पाठीशी आणि पाणी समोर अशी जागा बघून वाडवडिलांना पुरलं की त्यांच्या हाडांना ती ची मिळते आणि तिचा फायदा पोराबाळांना, नातवंडांना होतो. म्हणजे मेलेल्यांची सोय नीट केली तर जिवंतांची भरभराट. घरांचं, दारांचं, होकायंत्राचं सगळं होतंच, खरं जीव होता तो कबरीत आणि पूर्वजांत. ख्रिस्ती माणसाला अडचण कुठं येते ते इथंच दिसतं बघा, कारण आपल्यात मेलेला माणूस प्रभूच्या हाती असतो, तो कुणाला धंद्यात बरकत देत बसत नाही.

मॅतेओ रिच्ची हा इटालियन जेझुइट (जेझुइट म्हणजे कॅथलिक पाद्र्यांचा एक संघ) १५८२ ला चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावला उतरला आणि १६०१ ला बीजिंगला पोचला. हा माणूस चिनी लोकांचा मोठा चाहता, त्यांची भाषा शिकला, त्यांच्या विद्वानांसारखे कपडे घातले, कन्फ्यूशियसला मान दिला, पूर्वजांपुढं वाकण्याला तो नागरी रीत म्हणायचा. एवढा सैल माणूस, तरी फेंगशुईवाल्यांच्या बाबतीत त्याला हसू आवरायचं नाही. दार या बाजूला उघडलं की त्या बाजूला, पाऊस अंगणात इकडून पडला की तिकडून, यावर घराण्याची अब्रू आणि आयुष्य अवलंबून असतं असं हे लोक धरून चालतात, याचं नवल त्यानं लिहून ठेवलंय. म्हणजे पूर्वजांचा मान चालेल, दाराचं गणित नको, अशी रेघ त्यानं मारली. ही रेघ पुढं सगळ्यांनाच त्याच जागी मारता आली नाही. पूर्वजांच्या मानावरून कॅथलिकांच्यातच शंभर वर्षं भांडणं झाली, १७१५ आणि १७४२ ला पोपनी तो मान देणंच बंद पाडलं, आणि १९३९ ला रोमनं बऱ्यापैकी मोकळीक परत दिली. फेंगशुईला मात्र ती मोकळीक कधी मिळाली नाही.

आता जी गोष्ट वाचून मी रात्री जागा राहिलो ती सांगतो. आडाम शाल नावाचा जर्मन जेझुइट. १६४४ ला मांचूंनी बीजिंग घेतलं आणि ग्रहणाचं गणित अचूक येतं म्हणून याला सरकारी खगोल खात्याचा प्रमुख केलं. खरं त्या खात्याचं काम नुसतं ग्रहण सांगायचं नव्हतं. वर्षाचं पंचांग काढायचं, त्यात लग्नाला कुठला दिवस, घर बांधायला कुठला, प्रवासाला कुठला हे सगळं छापायचं, आपल्या भिंतीवरच्या पंचांगासारखंच. म्हणजे क्रूस गळ्यात घातलेला पाद्री आणि त्याच्या शिक्क्यानं शुभ-अशुभ दिवस बाहेर पडतायत. त्याच्याच संघातल्या पाद्र्यांनी वर तक्रारी केल्या की हे काम ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. शालचं उत्तर साधारण असं की तारे मी मोजतो, मुहूर्ताचा भाग हाताखालचे लोक बघतात. आपल्याकडं म्हणतात ना, मी फक्त सही करतो.

१६५८ ला बादशहाचा तान्हा राजपुत्र वारला. त्याला पुरायची वेळ याच खात्यानं काढली. दोन वर्षांत त्याची आई गेली आणि १६६१ ला बादशहा स्वतः देवीच्या रोगानं गेला. मग यांग ग्वांगशियान नावाचा एक माणूस उठला, त्याचा या परदेशी लोकांवर आधीपासून राग, आणि १६६४ ला त्यानं आरोप ठेवला की या पाद्र्याच्या खात्यानं मुद्दाम चुकीच्या पद्धतीनं दफनाची वेळ काढली आणि राजघराण्यावर मरण आणलं. सत्तरी ओलांडलेला शाल तोवर झटका येऊन पडला होता, तोंडातून शब्द फुटत नव्हता, त्याच्या वतीनं त्याच्याच संघातला फेर्बिस्ट बोलायचा. देहदंड ठरला. १६६५ ला शिक्षा अमलात यायच्या आत बीजिंगला भूकंप झाला, दरबार घाबरला, शालला सोडलं आणि पुढच्या वर्षी तो मेला. खात्यातल्या पाच चिनी ख्रिस्ती अधिकाऱ्यांना मात्र कुठला भूकंप वाचवायला आला नाही, त्यांची डोकी उडवली.

१६६९ ला फेर्बिस्टनं सावली किती लांब पडेल ते आधी सांगायचा पैजेचा खेळ जिंकून खातं परत मिळवलं, आणि लगेच काय केलं तर शुभ दिवस आणि शकुन बघण्याच्या विरोधात छोटी पुस्तकं लिहून काढली. अक्कल आली म्हणा, पण पाच माणसं गेल्यावर आली.

यानंतर दोनेकशे वर्षं पुढं जाऊ. १८६० च्या तहानंतर मिशनऱ्यांना चीनच्या आतल्या भागात जायची वाट मिळाली, तीही तोफांच्या जोरावर, हे विसरून चालणार नाही. चर्चचे उंच मनोरे उभे राहायला लागले आणि गावकरी म्हणायला लागले की या टोकानं आमच्या गावाची ची कापली. तारेचे खांब, रेल्वे, सगळ्यालाच हा आक्षेप. शांघायजवळची वूसोंगची छोटी रेल्वे १८७६ ला धावली आणि १८७७ ला सरकारनं ती विकत घेऊन उखडून टाकली, त्यामागं राजकारण बरंच होतं तरी फेंगशुईचं नावही होतंच. १८७८ ला फूचौ शहरात वूशी टेकडीवर मिशननं नवी इमारत बांधली, लोक म्हणाले टेकडीचं फेंगशुई बिघडलं आणि जमावानं ती जाळली. मिशनरी याला निव्वळ अंधश्रद्धा म्हणून मोकळे झाले. मला वाटतं त्यात अर्धं सत्य आहे, उरलेलं अर्धं असं की आमच्या टेकडीवर आम्हाला न विचारता बांधू नका हे सांगायला त्या लोकांकडं तीच एक भाषा होती. हाँगकाँगचा जर्मन मिशनरी आइटेल याला हे थोडंफार कळलं असावं, त्यानं १८७३ ला फेंगशुईवर छोटं पुस्तक लिहिलं आणि त्यात निसर्गविज्ञानाची कच्ची सुरुवात शोधायचा प्रयत्न केला, अंधश्रद्धा म्हणूनच, खरं टिंगल न करता.

याच काळात इकडं अमेरिकन मिशनरी वायल्डरसाहेब १८५२ पासून कोल्हापुरात होते. त्यांना फेंगशुई नव्हतं, मुहूर्त होता, पत्रिका होती, दक्षिणेचं दार होतं. आपल्या पहिल्या पिढीच्या लोकांनी मुहूर्त सोडला तो साधा सोडला नाही, भावकी तोडून सोडला. म्हणून आजही आपल्या घरात कुणी वास्तूवाला आणला तर आजी काठी घेऊन उठेल. दिशा आम्हाला कोल्हापूरकरांना कुणी शिकवायला नको, अंबाबाईचं तोंड पश्चिमेला आणि किरणोत्सवाला सूर्य आत येतो हे इथल्या ख्रिस्ती पोरालाही माहीत असतं. वास्तू हे कुणाचं आहे हे आम्हाला माहीत आहे म्हणून ते उंबऱ्यावर अडतं. फेंगशुई अडलं नाही, कारण ते कुणाच्याच धर्माचं वाटलं नाही. देव दिसत नाही, मंत्र ऐकू येत नाही, किमतीचं लेबल असतं आणि वर गिफ्टचा कागद.

ते असं बिनधर्माचं झालं तरी कसं? १९४९ नंतर चीनमध्ये कम्युनिस्टांनी त्यावर बंदी घातली, सांस्कृतिक क्रांतीत तर फारच हाल झाले. पण हाँगकाँग, तैवान, सिंगापूर, मलेशियात ते टिकलं आणि तिथून १९७० नंतर अमेरिकेत गेलं. तिथं कबरी गळल्या, पूर्वज गळले, राहिला पैशाचा कोपरा, लग्नाचा कोपरा आणि करियरचा कोपरा. १९९० नंतर ते आपल्याकडं आलं आणि राजारामपुरीत काचेच्या दुकानात बसलं. गंमत अशी की लाफिंग बुद्धा हा बुद्ध नाहीच, बुदाई नावाचा दहाव्या शतकातला झोळीवाला भिक्षू आहे तो. आणि लकी बांबू हा बांबू नाही, त्याचं मूळ आफ्रिकेत आहे. एवढं सगळं खोटं असून नशीब मात्र खरं आणणार म्हणे.

रोमनं यावर लिहून ठेवलंय. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणात भविष्य बघण्याचे सगळे प्रकार नाकारलेत, ताईत घालणंही वाईट म्हटलंय, आणि २००३ ला न्यू एजवर (पाश्चात्त्यांतलं नव्या धाटणीचं अध्यात्म) जे टिपण काढलं त्याच्या शब्दसूचीत फेंगशुई नाव घेऊन आहे, जमिनीवरून शकुन काढायची गूढ चिनी पद्धत अशा अर्थानं. आपल्या प्रोटेस्टंटांत पोप नाही, त्यामुळं ज्याच्या हातात पवित्र शास्त्र तो न्यायाधीश. मावशी अनुवाद १८ काढते, शकुन पाहणारा, मुहूर्त सांगणारा तुमच्यात नसावा. मामा करिंथकरांस पहिलं पत्र ८ वा अध्याय काढतात, मूर्ती म्हणजे काहीच नाही असं पौल स्वतः म्हणतो. खरं मामा पुढचं वाचत नाहीत, तुझ्या मोकळेपणानं दुसऱ्याचा विश्वास ठेचाळू नये हे त्याच अध्यायात आहे.

आणि आपणही फार सोवळे नव्हतो बरं का. युरोपातली जुनी चर्चं वेदी पूर्वेला करून बांधायचे, मेलेल्याचे पाय पूर्वेला, म्हणजे उठेल तेव्हा प्रभूकडं तोंड. पाचव्या शतकात रोममध्ये लोक संत पेत्राच्या पायऱ्यांवर मागं वळून उगवत्या सूर्याला वाकायचे म्हणून पोप लिओनं प्रवचनात झापलंय. पूर्वेला तोंड करून प्रार्थना चालली, सूर्याला वाकलेलं चाललं नाही. दिशा तीच, फरक भरवसा कुणावर त्याचा.

पवित्र शास्त्रात घर कसं बांधावं याबद्दल एक सरळ नियम आहे, अनुवाद २२ मध्ये, की नवं घर बांधशील तर धाब्याला कठडा कर, नाहीतर कुणी पडून मरेल आणि रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. ईशान्य नाही, नैर्ऋत्य नाही, कठडा. मामीला हे सांगितलं तर ती म्हणाली, बाल्कनीच्या ग्रिलवाल्याला कधीचा फोन करतीय रे, येतच नाही तो.

बेडूक त्याच आठवड्यात शेजारणीला परत गेला, तिला काय सांगितलं ते मामी सांगत नाही. विंड चाइम राहिलीय कारण मामाला आवाज आवडतो. पोटवाला बुद्ध शोकेसमधून फ्रिजवर गेलाय, आणि मावशी आली की टोपलीखाली.