फवारणाऱ्याच्या अंगावरचं विष कुणाच्या हिशेबात?

कपाशीवर मारायचं नवं कीटकनाशक दुकानात येण्याआधी त्याची फाइल फरिदाबादला जाते. केंद्रीय कीटकनाशक मंडळ आणि नोंदणी समितीचं कार्यालय तिथे आहे. तिथल्या सरकारी विषशास्त्रज्ञांपुढे उंदीर-सशांवरच्या चाचण्यांचे अहवाल येतात: किती मात्रेला निम्मे उंदीर मरतात, ९० दिवस रोज थोडं थोडं पोटात गेलं तर यकृताचं काय होतं, दोन वर्षांत गाठी होतात का, पिल्लांत व्यंग येतं का. चाचण्यांचे अहवाल कंपनीच सादर करते. ते तपासून माणसाला धोका किती, हे सांगण्याची जबाबदारी सरकारी तज्ज्ञाची. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले. ते का, हे समजून घ्यायचं तर ही व्यवस्था कुठल्या प्रसंगातून उभी राहिली हे आधी पाहावं लागतं.

ती उभी राहिली अन्नातल्या विषामुळे. १९५८ मध्ये फॉलिडॉल या नावाने विकलं जाणारं पॅराथिऑन हे कीटकनाशक आणि खाण्याचा माल एकाच जहाजातून केरळला गेला. विष गळून पोत्यांत मुरलं. त्या पिठाचे पदार्थ खाऊन शंभरावर माणसं दगावली. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा, जे पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले, त्यांचा चौकशी आयोग नेमला गेला. तरी कायदा व्हायला दहा वर्षं गेली. कीटकनाशक अधिनियम १९६८ चा, आणि त्याचा अंमल सुरू झाला १९७१ मध्ये. तोवर हरितक्रांती शेतात पोहोचली होती आणि तिच्यामागोमाग कीटकनाशकांचे डबेही.

डब्यावरचा चौकोनी शिक्का १९७१ च्या नियमांतला. त्यातला लाल त्रिकोण म्हणजे उंदराच्या दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा पोटात गेली तर निम्मे उंदीर मरतात. पिवळा ५०० पर्यंत, निळा ५,००० पर्यंत, हिरवा त्यापुढे. कातडीवाटे होणाऱ्या विषबाधेसाठी वेगळे आकडे आहेत. श्वासावाटे जाणाऱ्या विषाचा मात्र या तक्त्यात रकानाच नाही. कपाशी डोक्याइतकी वाढलेली असताना तिच्यात शिरून जो फवारतो, त्याच्या नाकातोंडात तुषार जातात, हे या रंगांना ठाऊक नाही.

रोजच्या जेवणातून गेलेलं किती विष चालेल, याचं गणित बाहेरून आलं. १९५४ मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनातल्या लेहमन आणि फिट्झह्यू यांनी शंभराचा भागाकार मांडला. जनावराला ज्या मात्रेने काहीच होत नाही, तिला शंभराने भागायचं. पुढे त्याचा अर्थ असा लावला गेला: दहा पट माणूस आणि जनावर यांच्यातल्या फरकासाठी, दहा पट माणसामाणसांतल्या फरकासाठी. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांची संयुक्त बैठक आजही याच रीतीने मर्यादा ठरवते.

मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाचंच उदाहरण घ्या. त्याची रोजची स्वीकार्य मात्रा दर किलो वजनामागे ०.०००६ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला दिवसाला ०.०३६ मिलिग्रॅम झाले. बाजारात वर्षानुवर्षं मिळत आलेल्या ३६ टक्क्यांच्या द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये ३६० मिलिग्रॅमहून कमी विष नसे, म्हणजे निदान दहा हजार दिवसांचा वाटा. ही मर्यादा आयुष्यभर खाण्यातून जाणाऱ्या विषाची आहे, आणि हातावर सांडलेलं सगळं अंगात शिरत नाही, हे खरं. पण झाकणाने मोजून बादलीत ओतताना मनगटावर ओघळ येतोच, आणि तो पुसायला जवळ काही नसतं.

२००३ मध्ये शीतपेयांत कीटकनाशकं सापडली तेव्हा संसदेने संयुक्त समिती नेमली. अध्यक्ष शरद पवार होते. नोंदणी झालेल्या अनेक कीटकनाशकांसाठी अन्नातल्या अंशाची कमाल मर्यादा ठरलेलीच नाही, हे या समितीने पुढे आणलं. पुढची वर्षं मर्यादा ठरवण्यात गेली. निर्यातीच्या द्राक्षांसाठीही युरोपच्या धाकाने काटेकोर तपासणी बसली, तिची सूत्रं पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे आली. ही दोन्ही कामं चांगलीच झाली. पण दोन्हींत काळजी खाणाऱ्याची होती.

फवारणारा पुढे आला तो २०१७ च्या पावसाळ्यात. यवतमाळ जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-मजूर गेले, शेकडो रुग्णालयात पोहोचले. बोंडअळी आणि रसशोषक किडींनी कावलेले शेतकरी दोन-तीन औषधं एकाच पंपात मिसळत होते. फाइल तपासली जाते कंपनीच्या एकेका उत्पादनाची. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर सुचवलं जाणारं मिश्रण कुणाच्या टेबलावर येत नाही. उपचारही त्यामुळे अडले. ऑर्गनोफॉस्फेट या मज्जासंस्थेवर घाला घालणाऱ्या गटातल्या विषाला अ‍ॅट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्झाइम हा उतारा आहे. मिश्रणातल्या डायफेन्थियुरॉनसारख्या औषधाला खास उतारा नाही. रुग्णासोबत डबा आला नाही तर डॉक्टरने काय ओळखावं? राज्य सरकारने पश्चिम विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत काही कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घातली. कायमच्या बंदीचा अधिकार केंद्राकडे.

केंद्राची चाल धीमी होती. केंद्राने नेमलेल्या अनुपम वर्मा समितीने ६६ कीटकनाशकांचं पुनरावलोकन २०१५ मध्ये पूर्ण केलं, १८ वर बंदीचा आदेश २०१८ मध्ये निघाला. त्या यादीत मोनोक्रोटोफॉस नव्हतं. भाज्यांवर ते २००५ पासून वर्ज्य होतं, म्हणजे इथेही आधी खाणाऱ्याचा विचार झाला. ३६ टक्क्यांच्या द्रावणावर बंदी आली ती २०२३ मध्ये. २००८ आणि २०२० साली राज्यसभेत मांडलेल्या नव्या कीटकनाशक विधेयकांचे कायदे झाले नाहीत.

युरोपात फवारणाऱ्यासाठी सुरक्षित मात्रा वेगळी काढतात आणि ती ओलांडली जाणार असेल तर औषधाला परवानगी मिळत नाही. आपल्याकडे लेबलवर हातमोजे, मास्क, अंगभर कपडे घाला असं छापलं जातं. ऑगस्टमधल्या विदर्भाच्या उकाड्यात रोजाने फवारणारा मजूर हे सगळं चढवून आठ तास पंप वाहू शकत नाही, हे फाइल तपासणाऱ्याने गृहीत धरूनच मंजुरी द्यायला हवी. हंगामाआधी फवारणी करणाऱ्यांच्या रक्तातलं कोलिनेस्टेरेज (ऑर्गनोफॉस्फेटने घटणारं विकर) मोजून ठेवलं आणि हंगामात पुन्हा मोजलं, तर निदान ऑर्गनोफॉस्फेटची बाधा माणूस कोसळण्याआधी कळते. ही तपासणी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत आणणं सरकारच्या आवाक्यातलं आहे, आणि ते आकडे फरिदाबादच्या फाइलला जोडणंही.