नाताळ : ख्रिस्ती तारणविचारातील अर्थ

नाताळ हा येशू ख्रिस्ताच्या जन्माचा सण होय. मराठीत रुळलेले त्याचे नाव पोर्तुगीज ‘नाताल’ या शब्दावरून आले असून त्याच्या मुळाशी ‘जन्माचा’ अशा अर्थाचा लॅटिन शब्द आहे. ख्रिस्ती श्रद्धेत मात्र ही केवळ एका महापुरुषाची जयंती नव्हे. मानवाला पापातून व मरणातून सोडवण्यासाठी देवाने स्वतः मानवी देह धारण केला आणि तारणाचे कार्य या देहधारणेपासूनच सुरू झाले, अशी चर्चची शिकवण आहे. गोव्यातील कोंकणी प्रार्थनांत येशूला ‘सोडवणदार’ म्हणतात, तर मराठी बायबलात तो ‘तारणारा’ आहे. कोणी तरी अडकले आहे किंवा बुडते आहे, हे या दोन्ही शब्दांत गृहीतच आहे, आणि नाताळचा अर्थ लावायचा तर आरंभ तेथूनच करावा लागतो.

बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकातील कथेनुसार आदाम व एवा यांनी देवाची आज्ञा मोडली, त्यामुळे मनुष्याचे देवाशी असलेले नाते तुटले आणि मरण जगात आले. पाश्चात्त्य चर्चच्या परंपरेत याला आदिपाप म्हणतात. हे तुटलेले नाते मनुष्याला स्वतःच्या पुण्याईने सांधता येत नाही, म्हणून सांधण्याचा पुढाकार देवानेच घेतला, असे ख्रिस्ती मत आहे. ‘येशू’ या नावाचा हिब्रू अर्थच मुळी ‘परमेश्वर तारतो’ असा आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात मरियेच्या बाळाला हे नाव ठेवण्याची सूचना देवदूत योसेफला देतो आणि तो आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील, हे त्यामागचे कारणही तेथेच सांगतो. लूकच्या शुभवर्तमानात रानात मेंढरे राखणाऱ्यांना मिळणारी बातमीदेखील राजपुत्र जन्मल्याची नसून तारणारा जन्मल्याची आहे.

सर्वशक्तिमान देवाला तारायचेच होते, तर त्याने नुसत्या शब्दाने का तारले नाही? देह घेण्याची, तोही गोठ्यातल्या बाळाचा घेण्याची गरज काय होती? या प्रश्नावर ख्रिस्ती विचारवंतांनी शतकानुशतके लिहिले आहे. चौथ्या शतकात आरियस या धर्मगुरूने पुत्र (म्हणजे येशू) हा देवाने निर्माण केलेला आहे, तो पित्याच्या बरोबरीचा नाही, असे मत मांडले. त्यावर इ. स. ३२५ मध्ये नायसीया येथे धर्मसभा भरली आणि पुत्र व पिता एकतत्त्व आहेत असा निर्णय झाला. वाद वरवर शब्दांचा दिसतो. पण जो स्वतः देव नाही तो मनुष्याला देवापर्यंत कसा नेणार, ही त्यामागची खरी चिंता होती. अलेक्झांड्रियाचा अथानासियस याने ती थेट मांडली : आपण दैवी व्हावे म्हणून तो मनुष्य झाला. नाझियान्झसचा ग्रेगरी याने तिची दुसरी बाजू पुढे आणली. ख्रिस्ताने मानवी स्वभावातील जे धारण केले नाही, ते बरे झाले नाही. म्हणून देह, मन, बुद्धी, भूक, रडणे हे सगळे त्याने घेतले असले पाहिजे. इ. स. ४५१ च्या कॅल्सेडन येथील धर्मसभेने येशू पूर्णपणे देव व पूर्णपणे मनुष्य आहे असे सूत्र ठरवले, आणि कॅथलिक, बहुतेक ऑर्थोडॉक्स व प्रॉटेस्टंट चर्चे आजही ते मानतात.

हे सूत्र सर्वसामान्य भाविकाच्या अंगवळणी कसे पडते, ते पाहायचे असेल तर गोव्यातील एखाद्या गावच्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला, म्हणजे सामूहिक उपासनेला, जावे. ‘मिसा दो गालो’, म्हणजे कोंबड्याची मिस्सा, हे तिचे पोर्तुगीज नाव अजून अनेकांच्या तोंडी आहे. दर रविवारी श्रद्धा-अंगीकार, म्हणजे श्रद्धेची ठरलेली कबुली, म्हणताना ‘आम्हा मानवांसाठी व आमच्या तारणासाठी तो स्वर्गातून उतरला’ या वाक्यानंतर येणाऱ्या, तो मनुष्य झाला, या शब्दांपाशी लोक नुसती मान लववतात. नाताळात मात्र त्याच शब्दांपाशी सगळी सभा गुडघे टेकते. कॅथलिक विधीत असे वर्षातून दोनच वेळा होते : नाताळला, आणि त्याच्या नेमके नऊ महिने आधी, २५ मार्चला, मरियेला देवदूताचा निरोप मिळाल्याच्या सणाला. नव्या कपड्यांची घडी मोडू नये म्हणून जपणारी मंडळीही त्या क्षणी खाली वाकतात आणि बाकांचा कुरकुर आवाज सगळ्या इगर्जीत एकदमच उठतो.

देहधारणेच्या कारणाविषयी पश्चिमेत पुढे दोन वळणे आली. अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीचा अँसेल्म याने असा युक्तिवाद केला की पापाने देवाचा जो अवमान झाला त्याची भरपाई मनुष्यानेच करायला हवी, पण ती करण्याचे सामर्थ्य फक्त देवाकडे आहे. म्हणून भरपाई करणारा देव-मनुष्यच असला पाहिजे. दुसरा वाद अधिक मनोवेधक आहे. मनुष्याने पाप केलेच नसते, तर नाताळ झाला असता का? डोमिनिकन संघाच्या थॉमस अक्वायनसने बायबलचा आधार घेऊन ‘बहुधा नाही’ या बाजूला कौल दिला. फ्रान्सिस्कन संघाच्या डन्स स्कोटसने मात्र ख्रिस्ताचे येणे देवाच्या मनात पापाच्या आधीपासूनच होते, ते प्रेमापोटी होते, चूक दुरुस्त करण्यापुरते नव्हते, असे मांडले. या दोन्ही संघांची घरे सोळाव्या शतकापासून जुन्या गोव्यात होती. गव्हाणीचा देखावाही फ्रान्सिस्कन परंपरेशी जोडलेला आहे, कारण असिसीच्या फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो येथे तो उभा केला, आणि पुढे ती प्रथा सर्वत्र पसरली.

जन्म आणि क्रूस यांची सांगड ख्रिस्ती कलेत फार जुनी आहे. पूर्वेकडील चित्रपरंपरेत बाळ येशू गुहेत, प्रेताला गुंडाळावे तसा पट्ट्यांत गुंडाळलेला दाखवतात. गुहा ही पुढच्या कबरीची आणि पट्ट्या ही कफनाची पूर्वखूण असते. बाळ येशूला भेटायला आलेल्या मागी नावाच्या ज्ञान्यांनी आणलेल्या सोने, ऊद व गंधरस या भेटींपैकी गंधरस प्रेताला लावण्याचा पदार्थ म्हणून ओळखला जाई. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बासिलिकेचे नावच बाळ येशूचे आहे. तिचा पाया १५९४ मध्ये घातला गेला व १६०५ मध्ये तिचे पवित्रीकरण झाले. आत शिरणाऱ्या गर्दीतले बहुतेक लोक फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीकडे वळतात. पण मुख्य वेदीसमोर क्षणभर थांबले, तर जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याच्या भव्य पुतळ्याच्या खाली बाळ येशूची लहानशी मूर्ती दिसते. इग्नेशियसची नजर मात्र वर, सोनेरी किरणांच्या बिंबातील येशूच्या ग्रीक नावाच्या पहिल्या तीन अक्षरांकडे लागलेली आहे, आणि त्याहून वर त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा, आहे. बासिलिका जिच्या नावाने ओळखली जाते, ती मूर्ती सर्वांत लहान असावी, हे नाताळच्या अर्थाला धरूनच आहे. पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताने ‘स्वतःला रिक्त केले’ असे म्हटले आहे.

मराठी वाचकाला हा विचार समजून घेताना ‘मोक्ष’ आणि ‘अवतार’ हे दोन परिचित शब्द मदतही करतात आणि अडतातही. मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. पुन्हा जन्म न येणे हे तेथे साध्य असते. ख्रिस्ती तारणात सुटका देवाच्या जन्मातूनच येते. देह ही बेडी नसून तारणाचे साधन आहे आणि शेवटी पुनरुत्थानही देहासहितच अपेक्षित आहे. अवताराची कल्पना त्याहून जवळची वाटते. परंतु गीतेतील अवतार युगायुगांत येतो, दुष्टांचे निर्दालन करतो, तर ख्रिस्ती मतानुसार देहधारणा एकदाच झाली, ती इतिहासातील एका विशिष्ट काळी, आणि तीत निर्दालन होण्याऐवजी जो आला तोच मारला गेला. म्हणूनच बरेच ख्रिस्ती लेखक ‘अवतार’ हा शब्द टाळून ‘देहधारणा’ म्हणतात.

ही शब्दांची अडचण गोव्यात चारशे वर्षांपूर्वीच उभी राहिली होती. १५७९ मध्ये गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स याने दक्षिण गोव्यातील साष्टी भागात धर्मकार्य करताना मराठी ओवीत जो ग्रंथ रचला तो आज ‘ख्रिस्तपुराण’ म्हणून ओळखला जातो. मराठी भाषेच्या थोरवीची त्यातील ओवी पाठ्यपुस्तकांमुळे सर्वांना ठाऊक असते. ग्रंथाचा विषय मात्र सहसा सांगितला जात नाही. १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापलेल्या पहिल्या आवृत्तीचे पोर्तुगीज शीर्षक ‘आमचा तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगात येण्याविषयीचे निरूपण’ अशा अर्थाचे आहे, म्हणजे ग्रंथाचा मध्यबिंदूच नाताळचा आहे. त्याचे दोन भाग असून पहिल्यात ३६ व दुसऱ्यात ५९ अवस्वर, म्हणजे अध्याय, आहेत, आणि एकूण ओव्या १०,९६२ आहेत. पहिला भाग सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंत येतो, दुसरा येशूचे चरित्र सांगतो. स्वर्गाला वैकुंठ म्हणण्यापर्यंत स्टीफन्सने इथले शब्द घेतले. नव्याने धर्मांतरित झालेल्यांना त्यांची जुनी पुराणे बंद झाली होती, आणि त्यांची जागा घेईल असे काही हवे होते, या पार्श्वभूमीकडे दुर्लक्ष करून या ग्रंथाचे नुसते कौतुक करणे अर्धवट ठरते. ग्रंथाच्या पुढील आवृत्त्या १६४९ व १६५४ मध्ये निघाल्या. १६८४ मध्ये स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध पोर्तुगीज सरकारचा हुकूम निघाला. मंगळूरहून १९०७ मध्ये रोमन लिपीत त्याचे पुन्हा मुद्रण झाले आणि देवनागरी आवृत्ती पुण्यात १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली.

येशूच्या जन्माची तारीख बायबलमध्ये दिलेली नाही. २५ डिसेंबरला रोममध्ये हा सण पाळला जात असल्याचा सर्वांत जुना पुरावा चौथ्या शतकातला आहे. रोमन विधीत या दिवशी मध्यरात्र, पहाट व दिवस अशा तीन स्वतंत्र मिस्सांची योजना असते. पहिल्या दोहोंत लूकची कथा वाचतात. दिवसाच्या मिस्सेत गव्हाण नाही, मेंढपाळ नाहीत, योहानच्या शुभवर्तमानाचा ‘शब्द देही झाला’ हा गूढ आरंभ वाचतात. घरचा सण मात्र पहिल्या कथेवरच पोसला जातो. गोव्यात गोठ्याच्या देखाव्यासाठी आठवडाभर आधी परातीत नाचणी पेरून हिरवीगार रोपे उगवतात. घटस्थापनेचे रुजवण पाहिलेल्या शेजाऱ्याला ती ओळखीची वाटतात. गव्हाण मध्यरात्रीपर्यंत रिकामी ठेवतात आणि मिस्सेनंतर भाविक रांगेने येऊन बाळ येशूच्या मूर्तीचे चुंबन घेतात. दोदोल, बेबिंका, नेवऱ्या यांची ताटे शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जातात, त्यांत हिंदू घरेही असतात, आणि चतुर्थीला त्यांची परतफेड होते.

तारण फक्त यहुद्यांपुरते नाही, हा नाताळचा उरलेला अर्थ ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणात येतो, कारण बाळाला नमन करणारे मागी, ज्यांना परंपरेत राजे मानतात, परदेशी होते. बार्देशातील वेरें येथील रेइश मागुश इगर्जीचे नावच या राजांवरून पडले आहे. साष्टीच्या बाजूला कुएलीच्या डोंगरावरील रेमेदियुश सायबिणीच्या (मरियेच्या) कपेलाकडे, म्हणजे छोट्या चर्चकडे, कासावली, आरोसी व कुएली या तीन गावांतून एकेक मुलगा मुकुट घालून, घोड्यावर बसून निघतो. तिघांच्या वाटा वेगळ्या असतात आणि त्या वरच एकत्र येतात. त्यानंतर येणाऱ्या येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणाने नाताळचा काळ संपतो. त्या दिवशीच्या वाचनात बाळ नसते, यार्देन नदीच्या पाण्यात उतरलेला तीस वर्षांचा पुरुष असतो.