आय७चा स्टिकर बघून लॅपटॉप घेऊ नका

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, आय५ दाखवू का आय७? ही इंटेल कंपनीच्या प्रोसेसरची, म्हणजे लॅपटॉपमधल्या मुख्य चिपची नावं. आणि आपण खिसा चाचपून काहीतरी उत्तर देतो. पन्नास-साठ हजारांचा निर्णय एवढ्या एका आकड्यावर होतो हे मला अजिबात पटत नाही, कारण तो आकडा एकटा जवळजवळ काहीच सांगत नाही. २०१६ मध्ये आलेला आय७-७५००यू घ्या, त्यात फक्त २ कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग, होते. २०२२ चा आय३-१२१५यू घ्या, त्यात ६ आहेत आणि तो जवळपास प्रत्येक कामात त्या आय७ला मागे टाकतो. सेकंडहँड बाजारात मात्र "आय७ आहे साहेब" म्हणून पहिल्याचेच जास्त पैसे मागतात.

म्हणून पूर्ण नाव वाचायचं. १२३५यू मधला १२ म्हणजे बारावी जनरेशन, आणि सगळ्यात महत्त्वाचं ते शेवटचं अक्षर. यू म्हणजे साधारण १५ वॅटवर चालायला बनवलेली चिप, एच म्हणजे ४५ वॅटची. आय५-१२३५यू आणि आय७-१२५५यू दोन्हीत १० कोअर, २ मोठे वेगवान आणि ८ छोटे काटकसरी, कमाल वेग एकाचा ४.४ गिगाहर्ट्झ आणि दुसऱ्याचा ४.७, ग्राफिक्समध्ये थोडा फरक, बाकी भाऊच म्हणा. पण आय५-१२४५०एच मध्ये मोठे कोअर ४ आहेत आणि खायला वीज जास्त, त्यामुळे व्हिडिओ एक्सपोर्टसारखं लांबलचक काम असेल तर हा आय५ त्या आय७च्या पुढे जाऊ शकतो.

वॅटला एवढं महत्त्व का, तर चिपला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, म्हणजे दोन्हीकडून मार बसतो. समजा दोन्ही १० टक्क्यांनी वाढवले तर वीज १० नाही, ३३ टक्क्यांनी वाढते. आणि ही सगळी वीज शेवटी उष्णता होते, ती पातळ लॅपटॉपच्या छोट्या पंख्याने बाहेर फेकायची असते. चिप साधारण १०० अंशांच्या आसपास गेली की स्वतःला वाचवायला वेग कमी करते. बॉक्सवर लिहिलेला ४.७ हा काही सेकंदांचा वेग असतो, अर्धा तास सलग काम चाललं की खरा वेग ठरतो तो पंखा आणि हवेच्या जागेवर. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात खोलीच चाळीसच्या पुढे असते, तिथे तर हे आणखी जाणवतं. त्यामुळे एकच प्रोसेसर असलेले दोन लॅपटॉप सारखे चालतीलच असं नाही, रिव्ह्यू बघताना सलग कामाचा टेस्ट केलाय का ते बघा.

इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडीने २०२३ च्या मॉडेल्सपासून नावांची वेगळी पद्धत आणली आणि ग्राहकाचा गोंधळ वाढवला असं माझं स्पष्ट मत आहे. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू, ऐकायला सख्खे भाऊ. पण तिथे तिसरा आकडा आतल्या डिझाइनचा असतो: २ म्हणजे झेन २, जे २०१९ चं, आणि ३ म्हणजे झेन ३, २०२० चं. पहिल्यात ४ कोअर, दुसऱ्यात ६. शिवाय ७५२०यू सोबतची रॅम (चालू कामासाठीची मेमरी) बोर्डवर डकवलेलीच येते, ८ जीबी घेतली की कायम ८ जीबी. इंटेलनेही २०२३ च्या शेवटी नवीन नावं आणली, "कोअर ५" वेगळा आणि "कोअर अल्ट्रा ५" वेगळा, साधा कोअर ५ १२०यू हा आतून जुन्याच पिढीचा आहे. माझं ऐकाल तर आय५वरून आय७वर जायला जे जास्तीचे पैसे लागतात ते १६ जीबी रॅमवर घाला, रोजच्या वापरात तोच फरक जास्त कळेल.

हे झालं इंटेल-एएमडीचं, दोघेही एकाच भाषेत आदेश घेतात, तिला एक्स८६ म्हणतात आणि तिची सुरुवात १९७८ च्या ८०८६ चिपपासून. अॅपलचे २०२० पासूनचे एम सिरीजवाले मॅकबुक आणि २०२४ पासून विंडोजमध्ये आलेले स्नॅपड्रॅगन एक्स चिपवाले लॅपटॉप मात्र आर्म भाषेत चालतात. मजकूर मराठीच पण लिपी मोडी, असं काहीसं. देवनागरीच येणाऱ्याला तो वाचायला मध्ये कोणीतरी लिप्यंतर करणारा लागतो. एक्स८६साठी बनलेलं सॉफ्टवेअर आर्मवर चालवायचं हे काम मॅकमध्ये रोझेटा २ करतो, विंडोजमध्ये प्रिझम, आणि बऱ्याच सॉफ्टवेअरसाठी ते छान करतात, बॅटरीही मस्त टिकते. पण ड्रायव्हरचं, म्हणजे जोडलेलं उपकरण चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरचं, लिप्यंतर होत नाही. जुना प्रिंटर, बायोमेट्रिक मशिन, सीए आणि ठेकेदार वापरतात तो डिजिटल सहीचा यूएसबी टोकन, यांचा आर्मसाठीचा ड्रायव्हर कंपनीने दिला नसेल तर ते चालणारच नाहीत. ई-टेंडर भरणाऱ्याने हे आधी विचारूनच घ्यावं.

म्हणून मी क्रम उलटा धरायला सांगतो, आधी तुमचं सॉफ्टवेअर, मग ऑपरेटिंग सिस्टीम (विंडोज, मॅक की लिनक्स), मग प्रोसेसर. हिशेबाचं टॅली किंवा डिझाइनचं सॉलिडवर्क्स लागणार असेल तर विंडोज आणि एक्स८६, वाद नको. आयफोनचे अॅप बनवायचे तर त्यासाठीचं एक्सकोड हे सॉफ्टवेअर फक्त मॅकवर. पायथन, सी, वेब प्रोग्रामिंग शिकणाऱ्या पोरांना, किंवा ज्यांचं सगळं काम ब्राउझरमध्येच आहे त्यांना लिनक्स उत्तम आणि फुकट, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डसुद्धा त्यात असतो. दुकानात "डॉसवाला" लॅपटॉप थोडा स्वस्त मिळतो, त्याचा अर्थ विंडोजचं लायसन्स सोबत नाही एवढाच, लिनक्सच टाकणार असाल तर जरूर घ्या.

जुना लॅपटॉप घरात असेल तर एक लक्षात घ्या, विंडोज १०चे मोफत सिक्युरिटी अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला सर्वसाधारणपणे संपले आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या जनरेशनच्या आधीच्या बहुतेक चिप अधिकृतपणे स्वीकारत नाही. तो आय७-७५००यू त्यातच येतो. असं मशिन भंगारात देऊ नका, त्यात एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा वेगवान साठवण) नसेल तर टाका आणि लिनक्स मिंट किंवा उबुंटू हे लिनक्सचे प्रकार पेनड्राइव्हवर घेऊन लाइव्ह चालवून बघा, यात काहीच इन्स्टॉल होत नाही, हार्डडिस्कवरचं काही पुसलं जात नाही. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, कॅमेरा चालतोय का आणि झाकण बंद करून उघडल्यावर नीट जागा होतोय का एवढं बघा, हे चार जमले की मगच इन्स्टॉलचं बटण दाबा.