कोळंबीचा फोटो आणि सेकंदाचा दहा हजारावा भाग

नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी दोन फुटी फिशटँक आहे. त्यात मासे नाहीत, चेरी श्रिंप आहेत: गोड्या पाण्यातल्या लाल कोळंब्या, जेमतेम अडीच सेंटिमीटरच्या. परवा त्यांचे फोटो काढणं चाललं होतं, तेव्हा शेजारचे काका म्हणाले, "अरे, खिडकीतून एवढा उजेड येतोय, मग फ्लॅश कशाला? तो अंधारात मारायचा असतो." असं बहुतेकांना वाटतं. खरं तर इथे फ्लॅशचं काम उजेड पाडण्याइतकंच वेळ कापण्याचं आहे.

कोळंबीची मादी पोटाखाली वीस-तीस अंडी घेऊन फिरते आणि वल्ह्यांसारख्या पायांनी त्यांच्याभोवती पाणी खेळवत राहते. अंड्यांना ऑक्सिजन मिळतो तो असा. समजा तो पाय सेकंदाला २ सेंटिमीटर वेगाने हलतोय आणि कॅमेऱ्याचं शटर १/२०० सेकंद उघडं आहे. तेवढ्यात पाय ०.१ मिलिमीटर सरकतो. अगदी जवळून टिपणाऱ्या मॅक्रो लेन्सने १:१ फोटो घेतला, म्हणजे सेन्सरवर वस्तूच्या खऱ्या आकाराएवढीच प्रतिमा पाडली, तर सेन्सरवरही तेवढंच अंतर पडतं, आणि ०.००४ मिलिमीटरच्या पिक्सेलांत मोजलं तर तो २५ पिक्सेलांचा फराटा! पावसाळ्यात सोमेश्वरच्या धबधब्याचे दुधाळ फोटो येतात, तोच हा प्रकार.

आता फ्लॅश १/३२ शक्तीवर लावा. तो साधारण १/१०,००० सेकंदच चमकतो. तेवढ्यात पाय सरकतो ०.००२ मिलिमीटर, म्हणजे अर्धा पिक्सेल. पण शटर तर अजून १/२०० सेकंद उघडंच आहे, त्याचं काय? एफ/११ (म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक) आणि आयएसओ १०० (म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता कमी) वर खोलीतला उजेड सेन्सरवर जवळपास उमटतच नाही. फ्लॅश बंद करून एक फोटो काढून बघा, काळाकुट्ट येईल. तसा आला, की चित्र फक्त फ्लॅशच काढतोय याची खात्री पटते.

शक्ती कमी केली की फ्लॅश मंद होतो, हाही गैरसमजच. कपॅसिटरमध्ये साठवलेली सुमारे ३०० व्होल्टची वीज झेनॉन वायूच्या नळीतून वाहू लागते आणि इलेक्ट्रॉनिक स्विच ती मध्येच तोडतो. झोत जवळपास तितकाच प्रखर, फक्त आखूड. अमेरिकन इंजिनियर हॅरॉल्ड एजर्टनने १९५७ मध्ये दुधाच्या थेंबाचा मुकुट टिपला, तोही असल्याच क्षणिक झोतात. मला हे अजूनही अद्भुत वाटतं.

एफ/११ का, तर १:१ वर स्पष्ट दिसणारा थर तेव्हाही जेमतेम मिलिमीटरभरच असतो. छिद्र आणखी बारीक करावं, तर विवर्तनाने, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने, सगळंच धूसर होतं, कारण १:१ वर एफ/११ प्रत्यक्षात एफ/२२ सारखं वागतं.

फ्लॅश कॅमेऱ्यावर ठेवला, तर समोरची काच त्याचा झोत परत लेन्समध्ये फेकते. म्हणून तो टाकीच्या काचेच्या झाकणावर, खाली तोंड करून, मध्ये बटर पेपर घालून ठेवावा. झाकण काढू नये, खाली पाणी आहे. कॅमेरा काचेला काटकोनात धरावा.

टाकी घेताना दुकानदाराने फेंगशुईप्रमाणे आठ सोनेरी आणि एक काळा मासा सुचवला होता, काळा मेला की घरावरचं संकट त्याने घेतलं म्हणे. नव्या, लहान टाकीत नऊ गोल्डफिश कोंबले की विष्ठेतून अमोनिया साठतो आणि मासे मरतात. त्यात संकट माशावरच असतं.

काल रात्रीच्या फोटोत मादीच्या पोटाखालच्या प्रत्येक अंड्यात दोन काळे ठिपके दिसले. ते पिल्लांचे डोळे. आता काही दिवसांतच ती बाहेर येतील.