विमा दावा नाकारला तर लोकपालाकडे तक्रार कशी करायची: पात्रता, कागदपत्रे, मुदती

विमा लोकपाल म्हणजे विमा कंपनी आणि ग्राहक यांच्यातल्या वादाचा निवाडा करणारा अधिकारी. त्याच्याकडे तक्रार करायला शुल्क नाही, वकील चालत नाही आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तरीही पुष्कळ तक्रारी सुनावणीपर्यंत पोचतच नाहीत. बहुतेक वेळा दोनपैकी एक चूक झालेली असते: कंपनीकडे आधी लेखी तक्रार केलेली नसते, किंवा एका वर्षाची मुदत हुकलेली असते. म्हणून सुरुवात लोकपालापासून नव्हे, कंपनीपासून करायची.

पहिले पत्र कोणाला

आरोग्य विम्यात इथेच घोळ होतो. कॅशलेस नाकारल्याचा मेल टीपीएकडून आलेला असतो, म्हणून लोक टीपीएशीच महिनोन्महिने भांडत बसतात. टीपीए हा दावे हाताळायला कंपनीने नेमलेला मध्यस्थ. त्याला पाठवलेला मेल म्हणजे कंपनीकडे केलेली तक्रार नव्हे. तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे करा. त्याचा पत्ता आणि मेल पॉलिसीच्या कागदांतच छापलेला असतो. कॉल सेंटरचा तक्रार क्रमांक जोडायला हरकत नाही, पण पुरावा म्हणून मेल किंवा पोचपावतीचे पत्र हवे.

पत्रात पॉलिसी क्रमांक, दावा क्रमांक, मागणीची रक्कम आणि एक ठाम प्रश्न लिहा: पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली दावा नाकारला? विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या, मे 2024 च्या परिपत्रकानुसार आरोग्य विम्याचा दावा कंपनीच्या पुनरावलोकन समितीच्या मंजुरीशिवाय नाकारता येत नाही, आणि नाकारताना कलम सांगावे लागते. ‘अटींनुसार देय नाही’ एवढेच उत्तर आले, तर तेही जपून ठेवा. पुढे ते तुमच्याच बाजूने बोलते.

हीच तक्रार आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा 155255 या क्रमांकावरही नोंदवता येते. मात्र तिथे निवाडा होत नाही. तक्रार कंपनीकडे जाते आणि तिच्या उत्तरावर लक्ष ठेवले जाते. नोंदीची तारीख पक्की मिळते, हा मोठा फायदा.

कोण तक्रार करू शकतो

पॉलिसीधारक, नॉमिनी, कायदेशीर वारस किंवा ज्याच्या नावे पॉलिसी हस्तांतरित झाली आहे तो. वैयक्तिक पॉलिसी, नोकरीतली गट विमा पॉलिसी, एकल मालकीचा व्यवसाय आणि सूक्ष्म उद्योग हे कक्षेत येतात. लोकपाल नियमांतल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर विमा ब्रोकरविरुद्धही जाता येते. एजंट किंवा कमिशनवर दावे मिळवून देणारे सल्लागार तुमच्या वतीने उभे राहू शकत नाहीत. असे आश्वासन देऊन कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

विषय: दावा नाकारणे, कापणे किंवा लांबवणे, हप्त्याचा वाद, खोटे सांगून विकलेली पॉलिसी, प्रस्तावाशी न जुळणारी पॉलिसी, पैसे भरूनही न मिळालेली पॉलिसी. फसवून विकलेल्या पॉलिसीत आधी तारीख पाहा. पॉलिसी हाती आल्यापासून 30 दिवसांची फ्री लूक मुदत शिल्लक असेल, तर पॉलिसी परत करणे हा सरळ मार्ग. अपघातात दुसऱ्याच्या वाहनामुळे झालेल्या इजेची भरपाई मात्र इथे मागायची नाही. त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे.

तारखांचा हिशेब

कंपनीने तक्रार फेटाळली, असमाधानकारक उत्तर दिले किंवा महिनाभर काहीच कळवले नाही, की लोकपालाचे दार उघडते. तिथून एक वर्ष. स्मरणपत्रे पाठवत राहिलो की मुदत वाढते, हा गैरसमज आहे. सबळ कारण असेल तर लोकपाल उशीर माफ करू शकतात, पण त्या भरवशावर राहू नये. हाच वाद ग्राहक आयोगात, न्यायालयात किंवा लवादापुढे असेल किंवा तिथे निकाली निघाला असेल, तर तक्रार घेतली जात नाही.

अर्ज आणि कागद

कौन्सिल फॉर इन्शुरन्स ओम्बड्समेन या लोकपाल कार्यालयांचे काम पाहणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर ऑनलाइन तक्रार करता येते, टपालानेही चालते. राहत्या पत्त्यावरून किंवा कंपनीच्या शाखेवरून कार्यालय ठरते. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, पश्चिम महाराष्ट्र यांच्यासाठी पुणे. मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पालघर, रायगड आणि गोव्याच्या रहिवाशांनी संकेतस्थळावरची हद्दीची यादी पाहूनच अर्ज करावा.

सोबत लागते: पॉलिसी अटींसह, नकाराचे पत्र, कंपनीला केलेली तक्रार व तिची पोच, कंपनीचे उत्तर, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, रद्द केलेला चेक. आरोग्य विम्यात डिस्चार्ज कार्ड, बिले, तपासण्यांचे अहवाल. मृत्यू दाव्यात मृत्यूचा दाखला आणि नॉमिनी किंवा वारस असल्याचा पुरावा. मध्यस्थीच्या संमतीपत्रावर सही करायची विसरू नका.

एक कागद बहुतेकांकडे नसतो: मूळ प्रस्ताव अर्जाची प्रत. ‘आधीचा आजार लपवला’ या कारणाने दावा नाकारला असेल, तर सगळा वाद त्याच अर्जातल्या उत्तरांवर उभा असतो, आणि तो अर्ज अनेकदा एजंटाने भरलेला असतो. कंपनीकडून प्रत मागवा. आरोग्य विमा सलग 60 महिने चालू असेल, तर माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक हा अपवाद. आयुर्विम्यात विमा कायद्याच्या कलम 45 नुसार तीन वर्षांनंतर पॉलिसीवर प्रश्न उभा करता येत नाही.

पुढे काय होते

दोघांची संमती असेल तर लोकपाल मध्यस्थी करून महिन्याभरात शिफारस देतात. ती मान्य असल्यास 15 दिवसांत कळवायचे. नाही जमले तर सुनावणी, तीही व्हिडिओवर होऊ शकते, आणि सर्व कागद मिळाल्यापासून तीन महिन्यांत निवाडा. कमाल रक्कम 50 लाख रुपये, खर्च धरून. 2023 पूर्वी ती 30 लाख होती. प्रत्यक्ष नुकसानापलीकडे मनस्तापाची भरपाई इथे मिळत नाही. निवाडा हाती आल्यावर कंपनीला 30 दिवस मिळतात. आरोग्य विम्यात त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला 5,000 रुपये तक्रारदाराला द्यावे लागतात.

निवाडा विरुद्ध गेला तर तो तुम्हाला बांधत नाही. ग्राहक आयोगात जाता येते. तिथली मुदत दोन वर्षांची आहे आणि लोकपालाकडे गेलेला काळ त्यातून आपोआप वजा होत नाही, म्हणून पहिल्या नकाराची तारीख लक्षात ठेवा. आयोगाची पायरी दाव्यावर नव्हे, भरलेल्या हप्त्यावर ठरते. 18,000 रुपये हप्ता भरून 12 लाखांचा दावा असला तरी प्रकरण जिल्हा आयोगाकडेच जाते, आणि हप्ता 5 लाखांच्या आत असल्याने शुल्क शून्य. अर्ज ई-जागृती पोर्टलवर, तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात.